डाव्या डोळ्यातला गुलाबी

साबण हात धुवायलाच असतो, असं मला शाळेत शिकवलं होतं. घोडेगावात फतेचंदशेठच्या घरी मी तेवढंच केलं, आणि एका माणसानं वर्षभर जपलेली वस्तू दोन मिनिटांत मोरीतून सोडून दिली.

मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या सांभाळतो. म्हणजे तीन-चार महिन्यांनी घरोघर जाऊन बॅटरीत पाणी भरायचं, टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी खरवडायची, वर व्हॅसलीन फासायचं आणि जाता जाता 'बॅटरी बदलायला झालीय बरं का' असं सांगायचं. ते कुणी ऐकत नाही. मीही मनावर घेत नाही. दिवाळीनंतर शेठकडे गेलो, काम उरकलं, हात मनगटापर्यंत काळे. मोरीवरच्या खिडकीत स्टीलच्या वाटीत एक वडी ठेवलेली होती. फिकट गुलाबी, कडा झिजून गोल, पापडीसारखी पातळ झालेली. घेतली आणि चोळली. फेस झकास आला. ग्रीस हट्टी असतं म्हणून दुसऱ्यांदा चोळली. मग शहाण्यासारखी परत वाटीत ठेवली. वाटीत पाणी साचलं होतं, ते काही मला दिसलं नाही. चहा प्यायला पुढच्या खोलीत गेलो, तिथं क्रिकेटवर बोलत अर्धा तास काढला.

शेठ आत गेले आणि वाटी घेऊनच बाहेर आले. वाटीत राखाडी लगदा होता आणि मधे नखाएवढा तुकडा, तोही ग्रीसनं काळवंडलेला.

"भरत, तू ह्यानं हात धुतलेस?"

"हो. चांगलाय की साबण. कुठला हो?"

शेठ खुर्चीत बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी काहीतरी उलटं बोललो असतो आणि विषय मिटला असता.

"कस्तुरनं केलेला. शेवटचा होता."

कस्तुरबाई म्हणजे त्यांची बायको. जाऊन दीड वर्ष झालं होतं. ह्यावर गप्प बसावं, एवढी अक्कल माणसाला असायला हवी. मी म्हणालो, "नवीन आणून देतो शेठ. कुठल्या कंपनीचा आणू?"

ज्या माणसानं त्याच घराच्या पुढच्या भागात चाळीस वर्षं किराणा दुकान चालवून अख्ख्या पेठेला साबण विकला, त्याला मी हे विचारत होतो.

हे सगळं मला नंतर कळलं, ते आधी सांगून टाकतो. बाजारच्या साबणात चरबी असते, असं कस्तुरबाईंनी कधीतरी जैन स्थानकात प्रवचनाला ऐकलं. जैनाच्या बाईला एवढं पुरे. त्या दिवसापासून घरात विकतचा साबण बंद. पुढे शेठ गिऱ्हाइकांना रंगीत वेष्टनातल्या वड्या देत, आणि मागं बायको खोबरेल, एरंडेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन स्वतःचा साबण करी. वास घालत नसे. नुसता तो गुलाबी रंग. बावीस वर्षं शेठनी त्याच साबणानं अंघोळ केली. त्या गेल्या तेव्हा कपाटात अकरा वड्या होत्या.

"दहा मी अशाच अंघोळीत घालवल्या," शेठ म्हणाले. "अकरावी झिजून पातळ झाली, तेव्हा लक्षात आलं की आता कपाट रिकामं आहे."

अकरावी त्यांनी खिडकीत ठेवली आणि मोबाइलवर बघून बघून साबण करायला शिकले. बहात्तराव्या वर्षी. दुकान तर बायको गेली तेव्हाच बंद केलं होतं. मुलगा संयम पुण्यात कंपनीत, रोज साडेआठला त्याचा व्हिडिओ कॉल. शेठ फोन कानाला लावून बोलतात, त्यामुळे संयमला रोज बापाचा कान दिसतो. बाकी दिवस मोकळा. दुकानाच्या ज्या फळ्यांवर बिस्किटांचे पुडे असायचे, तिथं आता साबणाच्या वड्यांच्या रांगा होत्या, प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी. मी समजत होतो की म्हातारा नवीन धंदा काढतोय.

"साबण जमला मला. फेस जमला. रंग जमत नाही. आणि पांढऱ्यानं अंघोळ केली की पाव्हण्याच्या घरी न्हायल्यासारखं वाटतं."

"त्या काय घालायच्या, काही माहीत नाही?"

"बावीस वर्षं होती की ती इथंच. विचारायचं राहून गेलं." मग वाटीतला लगदा बोटानं हलवत म्हणाले, "आतापर्यंत नमुना समोर होता, शेजारी धरून बघता येत होतं. आता तो रंग पाहिलेली माणसंच उरली. संयमला विचारलं, तर तो म्हणतो, पप्पा, पांढराच होता ना? म्हणजे राहिलो मी आणि तू. तू तर चांगला दोनदा चोळून पाहिलायस. रविवारी येत जा."

आमच्या घरच्यांना वाटलं, मी पोरगी बघायला जातो दर रविवारी.

पहिल्या रविवारी मी मळ्यातली दोन लालभडक बीटं घेऊन गेलो. शेठनी उंबऱ्यातच अडवलं.

"ते बाहेर."

"अहो खायचं नाहीये. साबणात घालायचंय."

"कंदमूळ आहे. कस्तुरनं ते पिशवीतूनसुद्धा घरात येऊ दिलं नसतं." मग एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे तिनं बीट वापरलेलं नाही. चला, एक नाव कमी झालं."

तिथून आमची पद्धत ठरली. कस्तुरबाईंनी काय घातलं ते माहीत नव्हतं, पण काय घातलं नसतं ते शेठना पक्कं माहीत होतं. दुसऱ्यांदा मी ऑनलाइन 'शंभर टक्के नैसर्गिक लाल' अशी पुडी मागवली. शेठनी विचारलं, कशापासून? मी मोबाइलवर शोधलं आणि पुडी अंगापासून लांब धरली.

"काय रे?"

"शेठ, किडे आहेत. वाळवून कुटलेले."

शेठनी पुडी दोन्ही तळव्यांवर घेतली. फेकताही येईना, ठेवताही येईना. शेवटी मागच्या जास्वंदीखाली खड्डा काढून ती पुरली. शेठ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मी ओळख नसलेल्या माणसाच्या मयताला आल्यासारखा मान खाली घालून उभा. हसू येत होतं, पण शेठचा चेहरा पाहून गिळलं.

कॉस्टिकचं पाणी कालवायचं काम मी मागून घेतलं. ॲसिडमध्ये हात घालणाऱ्याला त्याचं काय. "तुझ्याकडे ॲसिड, माझ्याकडे कॉस्टिक," शेठ म्हणायचे, "दोघं एकत्र आलो तर उरणार मीठ आणि पाणी." शाळेत मला जे रसायनशास्त्र कळलं नाही ते त्या फळ्यांवर कळलं. फुलाचा रंग बघून साबणाचा रंग सांगता येत नाही. जास्वंदीच्या लाल पाकळ्या कॉस्टिकमध्ये गेल्या आणि शेवाळी झाल्या. पळसाची वाळलेली फुलं मातकट पिवळी. गुलाबाच्या पाकळ्यांचा तर चहाचा चोथा झाला. हळद टाकल्याबरोबर रक्तासारखी लाल झाली. चुना लागला की होते तशीच. शेठ म्हणाले, हीच, हीच! सकाळी पाहिलं तर भगवी, आणि पुढं पंधरा दिवस खिडकीत ठेवली तर उन्हानं तीही उडून गेली.

रतनजोत आणायला मी जुन्नरला काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. तेलात भिजवली तर माणकासारखा रंग उतरला. आम्ही दोघं इतके खूश झालो की मी फोटोबिटो काढला. मग कॉस्टिकचं पाणी ओतलं आणि डोळ्यांदेखत सगळं मिश्रण निळं-जांभळं पडलं, मुका मार लागलेल्या गुडघ्यासारखं.

"हे तर नक्की नव्हतं," शेठ म्हणाले.

"एवढं मलाही आठवतंय."

प्रत्येक वडीला वाट पाहावी लागायची. दुसऱ्या दिवशी कापायची, मग महिनाभर सुकवायची, आणि सुकताना रंग पुन्हा बदलायचा. त्या मधल्या दिवसांत शेठ काय करायचे, हे मी कधी विचारलं नाही. एकदा सोमवारी सहज डोकावलो, तर दुकानाचं शटर अर्धं वर, आणि शेठ स्टुलावर बसून फळीवरच्या वड्या एकेक करून उलट्या करत होते. खालची बाजू सुकावी म्हणून. सगळ्या झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मातीचे रंग टिकतात, हे हळूहळू आमच्या डोक्यात उतरलं. कॉस्टिक मातीचं काही वाकडं करू शकत नाही. बाजारातला गेरू आणला. पहिली वडी निघाली ती थेट वीट. मग गेरू कमी केला, त्यात पांढरी माती मिसळली, आणि पौष संपता संपता एक वडी अशी आली की मी खिडकीत धरून म्हणालो, "शेठ, बऱ्यापैकी हाच."

"छे. हा फार गुलाबी."

"गुलाबीच होता की."

"नाही रे. त्यात पिवळी झाक होती. मधासारखी."

"मी हातात धरला होता शेठ. मध कुठला काढताय?"

"मी बावीस वर्षं धरला होता."

पुढच्या खेपेला त्यांनी पिवडी, म्हणजे पिवळी माती, भरपूर घालायला लावली. माझ्या मते ती वडी म्हणजे पिकलेली पपई. शेठ ती घेऊन खिडकीशी गेले, आणि मी मागून पाहिलं. त्यांनी आधी डावा डोळा हातानं झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा.

मला एकदम आठवलं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी आळेफाट्याला झालेलं. डाव्याचं व्हायचं होतं. संयम रोजच्या फोनवर तेच विचारायचा, आणि शेठ दर वेळी 'साबण उन्हात ठेवलेत' असलं काहीतरी कारण काढायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं की डावा फार पिकलाय, फाल्गुनाच्या पुढं नेऊ नका, मग अवघड होईल.

"शेठ," मी म्हणालो, "दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात का?"

ते वळले नाहीत. पपई हातात तशीच.

"पट्टी काढून घरी आलो," ते म्हणाले, "आणि हात धुवायला मोरीत गेलो. मला वाटलं, कुणीतरी कस्तुरचा साबण बदलला. भडक गुलाबी. डावा डोळा उघडला तर आपला नेहमीचा. उजव्यानं बघितलं की परका." त्यांनी वडी दुसऱ्या हातात घेतली. "तिच्यानंतर झालं ना ऑपरेशन. ह्या उजव्या डोळ्यानं तिला पाहिलेलंच नाही."

मी माझी नेहमीची हुशारी केली. "डोळा तोच असतो शेठ. आतली काच फक्त बदलतात."

"हो का? बरं झालं सांगितलंस."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मला कळलं की गेले दोन महिने आम्ही दोघं वेगवेगळा साबण करत होतो. मी कस्तुरबाईंचा खरा रंग शोधत होतो. शेठना तो नकोच होता. त्यांना असा रंग करायचा होता की नव्या डोळ्याला तो जुन्या डोळ्यानं पाहिलेल्या साबणासारखा दिसेल. म्हणजे दुसरं ऑपरेशन झालं तरी मोरीत गेल्यावर कस्तुरचा साबण दिसत राहील. आणि तो जुळवायला डावा डोळा हवा. तो गेला की विचारणार कुणाला?

"आणि नाही जमला तर?"

"तर नाही करणार ऑपरेशन."

"आंधळा होईल तो डोळा!"

"एक आहे की नवीन," शेठ म्हणाले आणि पपई फळीवर ठेवून तिच्याखाली चिठ्ठी लिहायला बसले.

त्या रविवारी मी लवकर निघालो. गाडीवर मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. नमुन्याची वडी मी धुवून टाकली नसती, तर ती डाव्या डोळ्यासमोर धरून त्यांनी केव्हाच काय ते जुळवलं असतं.

आठ-दहा दिवसांनी शिनोलीत एका घरी बॅटरीचं काम निघालं. भीमाशंकर रोडला, वळणावर. स्लॅबचं नवं घर, मागं जुनी चुलीची खोली. पाणी भरून झालं, हात धुवायला मागं गेलो, आणि त्या खोलीच्या ओट्याला खालून वीतभर उंचीचा पट्टा सारवलेला दिसला. फिकट गुलाबी. मी तिथंच उकिडवा बसलो आणि नखानं थोडं खरवडून पाहिलं.

"काय रं पावण्या, भिताड चाटतो का काय?"

दारात त्या घरच्या साळुबाई उभ्या. वय पासष्टीच्या पुढं, पदर खोचलेला, हातात शेणाची पाटी.

"आजी, हा रंग कुठला?"

"रंग कशाचा. माती हाय. वढ्याच्या कडंची पिवळी माती, भाजलेली."

"माती भाजता कशाला?"

"आमी कुटं भाजत व्हतो! घोडेगावच्या एक शेठाणीबाई यायच्या, त्यांचं खूळ. अंगाला लावाया, साबनात घालाया माती न्यायच्या. पर कच्ची न्हाई चालायची त्यास्नी. म्हनायच्या, साळू, कच्च्या मातीत जीव असतो, भाजून दे. ती बी येगळा जाळ करून न्हाई हां. माजा सैपाक झाला की मागं जी इंगळं ऱ्हात्यात, त्याच्यावर जुना तवा टाकायचा नि त्यावर माती. पिवळी जायची नि आशी निगायची. मग मला बी बरी वाटली, म्या वट्याला लावली."

मी पाण्याची बाटली पिशवीत घातली, परत काढली.

"लई गप्पा मारायच्या," साळुबाई म्हणाल्या. "गुरवारी यायच्या यष्टीनं. हितंच बसायच्या, तुजं ढुंगान हाय तितंच. आमचं पानी घ्यायच्या न्हाईत, उकळल्याली बाटली सोबत. पर बोलायच्या! नि हसायच्या. दोन वर्सं व्हत आली, आल्याच न्हाईत. माजंच काय चुकलं आसंल. राग आला आसंल कशाचा तरी."

सांगणं मलाच भाग होतं. सांगितलं. साळुबाईंनी शेणाची पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले, शेणाचेच.

"कशानं रं?"

"आजारी होत्या. पंधरा दिवसांतच."

"कोन सांगनार आमाला," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. नुसतं स्वतःशी.

मग आत गेल्या आणि चुलीवर तवा टाकला. मी कुठलीच माती मागितली नव्हती. एकदा पिवळी, मग तांबूस, मग तो रंग, डोळ्यांसमोर. उलथन्यानं हलवताना साळुबाई माझ्याकडे पाठ करून होत्या. फडक्यात बांधून गाठोडं हातात दिलं. पैशाचं विचारलं तर हात झटकला.

"साबन झाला की एक वडी आनून दे. त्या द्यायच्या दर येळी. माजी कवाच सरली."

"देतो की आजी," मी म्हणालो.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. गाठोडं मांडीवर होतं, पण ते सोडलं नव्हतं.

"गुरुवारी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी दुकान बंद. मी माल आणायला मंचरला जायचो." गाठीशी चाळा करत ते बसले. "जीव असलेली, सचित्त माती तिला चालणार नाही, भाजून निर्जीव, अचित्तच करून घेणार. मला सुचायला हवं होतं रे. मी जैन ना?" मग हसले. "म्हणजे तिनं रंग निवडलाच नव्हता. आपण इथं पळस नि रतनजोत करतोय, आणि तिला रंग नकोच होता. माती भाजली आणि तो आपोआप आला."

"साळुबाई म्हणत होत्या, लई बोलायच्या. हसायच्या."

"कस्तुर?"

"हो."

"घरात तर..." शेठनी सुटत आलेली गाठ परत आवळली. "काय बोलायची म्हणे?"

"ते नाही विचारलं मी."

"विचारायचं ना."

त्या गाठोड्यातल्या मातीचा साबण आम्ही माघ सरता सरता केला. माती वस्त्रगाळ करून आधी तेलात घोटली, मग कॉस्टिकचं पाणी. रंग हलला नाही. दुसऱ्या दिवशी शेठनी तारेनं वड्या कापल्या, नऊ झाल्या. सुकायला महिना होता, पण शेठना दम नव्हता. सकाळी दहाचं ऊन खिडकीत आलं तशी एक वडी घेऊन उभे राहिले. मी मागं उभा. मला तर बघताच कळलं होतं. मी हात धुतलेली तीच वडी, फक्त कडा धारदार.

शेठनी उजवा डोळा झाकला. बराच वेळ डाव्यानं बघत राहिले.

"कस्तुरचा," म्हणाले.

"झालं तर मग. आता ह्याला शेजारी ठेवून तुमचा तो दुसरा रंग करू. पिवडी किती घालायची ते—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आता डावा डोळा झाकलेला होता. उजव्या, नव्या डोळ्यानं ते वडी फिरवून फिरवून बघत होते, सगळ्या बाजूंनी, एखाद्या गिऱ्हाइकानं पहिल्यांदाच पाहिलेला माल बघावा तशी.

"तिला मोतीबिंदू नव्हता," ते म्हणाले. "चष्मासुद्धा नव्हता. सुईत दोरा मी तिच्याकडूनच ओवून घ्यायचो."

"मग?"

"मग तिला हा साबण असा दिसायचा. तुला दिसतो तसा. मलाच इतकी वर्षं भलता दिसत होता."

"मग तो मधासारखा रंग करायचा की नाही?"

"तो माझ्या मोतीबिंदूचा रंग होता रे," शेठ म्हणाले. "साबणात कशाला घालायचा?"

रात्रीच्या फोनची वाट न बघता त्यांनी तिथूनच संयमला फोन लावला, व्हिडिओच, कानाला धरून. "तारीख घे," म्हणाले. पलीकडून संयम काहीतरी आनंदानं बोलला असावा. शेठ 'हां, हां' म्हणत उभे होते आणि वडी खिडकीतल्या वाटीत नीट बसत नव्हती, ती एका हातानं सरळ करत होते.

ऑपरेशन झालं. संयम येऊन तीन दिवस राहिला आणि गेला. पट्टी काढल्यावर मी भेटायला गेलो, तर शेठ दारातच म्हणाले, "तुझा शर्ट निळा आहे होय? मला राखाडी वाटायचा. वर्षभर मी डाव्याच्याच भरवशावर बघत होतो ना." फळ्यांवरची धूळ त्यांना दिसायला लागली होती, ती पुसत होते. भिंतीवर कस्तुरबाईंचा फोटो होता. पुसता पुसता त्याच्यासमोर थांबले.

"ही साडी निळी होती तर," म्हणाले. "मी हिरवी म्हणायचो. तीही हो म्हणायची."

आता रोज त्याच साबणानं अंघोळ होते. मी विचारलं, पाव्हण्याच्या घरी न्हायल्यासारखं वाटतं का अजून? म्हणाले, थोडं वाटतं. सवय होईल. मग म्हणाले, रविवारी येत जा, काम नसलं तरी.

शिनोलीच्या साळुबाईंना द्यायची वडी त्यांनी सुकल्या दिवशीच वर्तमानपत्रात बांधून बाजूला काढली. मी म्हटलं, माझं जाणं-येणं असतं, देऊन येतो. नको म्हणाले. मी स्वतः जाणार. तिला विचारायचंय.

"काय विचारायचंय?"

"ते ठरलं की जाईन."

दर गुरुवारी शेठ धुतलेला सदरा घालून, पुडकं घेऊन दुकानाच्या पायरीवर बसतात. भीमाशंकरची एसटी समोरच थांबते. एकदा गर्दी फार होती. एकदा ऊन फार होतं. एकदा गाडी रिकामी होती, ऊनही नव्हतं. कंडक्टरनं दारातून विचारलं, "शेठ, यायचं का?" शेठ म्हणाले, "पुढच्या." आणि गाडी गेली.

वैशाख लागला. परवा शिनोलीच्या वळणावर साळुबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालल्या होत्या. मला ओळखून त्यांनी हात वर केला. त्यांची वडी अजून शेठकडेच होती. मी हॉर्न दिला, आणि गाडी काही थांबवली नाही.